दार लागलं म्हणू?

कायद्यापुढे सगळे समान असतात, आणि दाताच्या डॉक्टरांपुढे सगळेच केविलवाणे. गाल सुजलेल्या मास्तरांना तोंड उघडता येत नव्हतं, त्यामुळे बाकावर शेजारी बसलेल्या नणंद-भावजयींचं बोलणं ऐकण्यावाचून इलाज नव्हता.

"ताई, दात कसा तुटला विचारलं तर? दार लागलं म्हणू?"

"गेल्या वेळी जिना होता. अख्खं घरच तुझ्यावर उठलंय का गं? दादाने मारलं म्हण, आणि तसंच लिहून घ्यायला सांग. कोर्टात कागद लागतो."

"ते म्हणतात, घर माझ्या नावावर आहे, कोर्टात गेलीस तर रस्त्यावर येशील."

"नाव त्याचं असलं तरी राहायचा हक्क तुझा. वकीलबाई म्हणाल्या, उलट त्यालाच बाहेर काढायचा हुकूम मिळू शकतो."

"अगंबाई! मग ते जेवणार कुठे?"

"दात तुझा पडला, आणि काळजी त्याच्या चावण्याची!"

"तुमच्याकडेच येतील बघा. सख्खा भाऊ तुमचा. तुमच्या घराची किल्लीही आहे त्यांच्याकडे."

तेवढ्यात आतून हाक आली. दारातच डॉक्टरांनी विचारलं, "कशाने तुटला?"

"नवऱ्याने मारलं," भावजय म्हणाली. "लिहून घ्या." मग मागे वळून हळूच, "ताई, पण ती किल्ली?"

"राहू दे त्याच्याकडे. कुलूप मी सकाळीच बदललंय."