परत कधी?

...नाही, पण मी म्हणतो, माणूस दारात उभा आहे, अजून बूट काढलेले नाहीत, हातातली पिशवी खाली ठेवलेली नाही, आणि तुम्ही त्याला विचारता, ‘मग, परत कधी?’ अरे, परत कधी काय परत कधी! आधी ये म्हण, बस म्हण, पाणी विचार! तुम्हाला सांगतो, या एका महिन्यात हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकलेत की आता समोरच्यानं जांभई द्यायला तोंड उघडलं तरी माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडतं... ‘गुरुवारी!’

गुरुवारीच का, तर मुलगी जिथं राहते तिकडचं विमान इथून आठवड्यातून एकदाच उडतं. बायको गेली तेव्हा मुलीनं मला तिकडे नेलं. नेलं म्हणजे काय, उचलून ठेवलं! घर चांगलं आहे, जावई चांगला आहे, सगळे चांगले आहेत, पण मी खोकलो की जावई उठून खिडकी लावतो. मी जन्मभर वेल्डिंग केलं हो, शेडमध्ये चारी बाजूंनी लोखंड आपटत असायचं, तिथं बोलायचं तर पोटातून आवाज काढावा लागायचा. त्या आवाजाचं त्या गालिच्यावर काय करू? कागदपत्रांचं काम निघालं म्हणून महिनाभर इकडे आलो. ते झालं. आता जायचं ते कायमचं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. कुणी धड विचारलंय कुठं?

मला जाण्याआधी एकच गोष्ट हवी होती. आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये, मागच्या रांगेत, खांबाला लागून माझी खुर्ची. तिच्यात बसून एकदा बास गायचा. सगळ्यांत खालचा सूर. बस्स. पण मागायला जायचं नाही! मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही. त्यांनी म्हणायचं, ‘बसा.’ मग मी बसणार.

म्हणून आधी टेलरकडे गेलो. हा माझ्या शेजारी वरचा सूर, टेनर, गायचा. गायचा म्हणजे, ओठ हलवायचा. म्हटलं, जुना दोस्त आहे, खुर्चीचा विषय आपणहून काढेल. तर दुकानात हा तोंडात टाचण्या धरून उभा. मला बघितलं आणि टाचण्यांतूनच म्हणतो, ‘म्म... पमत कमी?’ अरे, त्या टाचण्या तरी काढ! मी म्हटलं, ‘गुरुवारी.’ मग टाचण्या काढल्या आणि काय म्हणाला? ‘कंबर उतरली रे तुझी. आणि हे बघ, येताना मला तिकडची मोठी कात्री आण.’ मी काय कुरिअर आहे? तेवढ्यात आतून वहिनी चहा घेऊन आल्या. ‘भाऊजी, बिनसाखरेचा केलाय हं, तिकडे कुणी साखर खात नाही म्हणे... मग, परत कधी?’ तो कडू घोट गिळला आणि म्हटलं, ‘गुरुवारी, वहिनी.’ तर ह्या आनंदानं म्हणतात, ‘अगंबाई, इतक्या लवकर!’ आनंदानं! मी निघालो म्हणून माणसाला आनंद व्हावा? उठलो. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही.

उतरलोय पुतण्याकडे. पुतण्या बरा आहे, बोलत नाही. त्याची बायको मात्र रोज सकाळी चहाबरोबर, ‘काका, परत कधी?’ रोज! वार बदलतो का रोज? गेल्या आठवड्यात तर तिनं माझी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली. ‘धूळ बसली होती हो काका.’ धूळ बसली होती! माझ्यावर बसलेली कुणाला दिसत नाही.

शेवटी गेल्या गुरुवारी क्वायरच्या तालमीला गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला, घशाला गरम पाणी दिलं. सहज आलोय असं दाखवत दारात उभा राहिलो. आणि तुम्हाला सांगतो, माझ्या खुर्चीवर... खोकं! पुठ्ठ्याचं, रिकामं खोकं! नवा क्वायरमास्तर आलाय, दातांचा डॉक्टर आहे, त्यानं नवा कीबोर्ड आणलाय, त्याचं खोकं माझ्या खुर्चीवर ऐसपैस बसलेलं! आणि सगळ्यांनी वळून मला बघितलं आणि एका सुरात, ‘काका, परत कधी?’ तेवढं एकच वाक्य त्या संध्याकाळी त्यांनी सुरात म्हटलं.

दातवाला पुढं आला. पेशंटशी बोलावं तसा बोलतो. ‘या काका, बसा तिथं बाकावर, आरामात. तुम्ही बास गायचात ना? आता त्रास नाही घ्यायचा. बास यातच येतो!’ आणि बटण दाबलं. घूंऽऽ! मोटर जळताना असा आवाज येतो. मी जळालेल्या मोटरी ऐकल्यात. मी म्हटलं, ‘वास आला की बंद करा.’ त्याला काही कळलं नाही.

बसलो बाकावर. हात बांधून बसलो. तो आपला ओरडतोय, ‘तोंड उघडा... आणखी मोठं... जीभ खाली!’ हे लोक माना वर करून आ वासून उभे, आता दात उपटतोय की गाणं काढतोय? गीत संपत आलं. आता ऐका हं. आमच्याकडे शेवटचं आमेन मी जरा मागून म्हणायचो. सगळ्यांचं म्हणून झालं की मग माझं, खालून, सावकाश, जड वस्तू जमिनीवर टेकवतात तसं. पुस्तकात तसं नाही. पण तशी पद्धत पडली होती. तर हे लोक आमेन म्हणाले... आणि थांबले. कुणी हलेना. कुणी पुस्तक मिटेना. दातवाला हात उडवतोय, ‘पुढं काय? कशाची वाट बघताय? इथं थांबा असं लिहिलंय का कुठं?’ टेलर माझ्याकडे बघतोय. सगळेच बघतायत. मला म्हणाल तर, सूर घशापर्यंत आला होता. पण बोलावल्याशिवाय? खोक्याच्या समोर? नाव नको! तोंड घट्ट मिटलं आणि बसून राहिलो.

तालीम सुटली. दाराशी ऑर्गनवाल्या बाईंनी गाठलं. ह्या बाईंचं आणि माझं कधीच पटलं नाही. माझ्या आमेनला त्या ‘मालगाडी’ म्हणायच्या. चष्म्यावरून बघत विचारलं, ‘काय हो, परत कधी?’

म्हटलं, ह्याही! ठासून सांगितलं, ‘गुरुवारी!’

‘बरं,’ म्हणाल्या. मागच्या रांगेत गेल्या, ते खोकं उचललं, दातवाल्याच्या पायाशी टाकलं, रुमालानं माझी खुर्ची पुसली. ‘मग गुरुवारी वेळेवर या. सात म्हणजे सात. आणि मालगाडी जरा लवकर सोडत जा.’

मी मान डोलावली आणि बाहेर पडलो. पार फाटकापर्यंत आलो, कडीला हात घातला आणि तिथंच थांबलो. बाई विचारत होत्या, परत कधी येणार! जाणार नव्हे, येणार! म्हणजे टेलर... ती कात्री... आणि वहिनी, ‘इतक्या लवकर’... महिनाभर सगळं गाव मला ‘परत कधी येणार’ विचारतंय आणि मी प्रत्येकाला तोडून सांगतोय, गुरुवारी! अरे, मग ‘येणार’ हा एक शब्द तोंडातून काढायला काय पैसे पडतात? पुतण्याची बायको तेवढी सोडा. तिला तेच विचारायचं होतं जे मला ऐकू आलं.

रात्री मुलीला फोन केला. म्हटलं, तिकीट पुढं ढकल. कारण विचारू नको. ती म्हणाली, ‘बरं बाबा. मग परत कधी?’

काय सांगू? विमान गुरुवारी. तालीम गुरुवारी. दर गुरुवारी! माणसानं जायचं तरी कधी?