फौजदारांच्या नकला

चहा घ्या हो, पण आधी सांगा, नचिकेतसान — तुम्हाला उदयनं पाठवलं ना? उदय म्हणजे माझा धाकटा भाऊ, गावी नगराध्यक्षपदाला उभा राहतोय, पणजोबांचं नाव घेऊन. नाही? युनिव्हर्सिटीचं काम? टोकियोत बसून तुम्हाला आमच्या पणजोबांची पत्रं कशाला लागतात? फोन तेवढा बंद करा. उलटा ठेवून नाही चालणार, बंदच करा.

पत्रं आहेत, नाही कशाला म्हणू. फौजदार होते ते, इंग्रजांच्या वेळचे. जे पत्र धाडायचे त्याची नक्कल स्वतःकडे ठेवायचे. मीसुद्धा कधी वाचली नव्हती — दोन हजार अकराच्या भूकंपात कपाट आडवं झालं, पेटी फुटली, कागद घरभर. बायको, कुमुदिनी, मुलीला घेऊन महिनाभर पुण्याला गेली, म्हणाली, तुम्हीही चला. मी इथेच राहिलो, टोकियोत, ह्याच एदोगावा भागात. ऑफिस बंद, धक्के चालूच, टेबलाखाली बसून वाचत होतो. मोडी येते मला, वडिलांनी शिकवली.

काय असणार त्यात? दारूचा मक्ता मेहुण्याच्या नावावर, कलेक्टरसाहेबांची हांजी हांजी — आणि म्युनिसिपालटीची पहिली निवडणूक. साहेबांचा माणूस निवडून यायला हवा, आणि समोर उभा राहिला सुभाना कासार. भांडी घडवायचा, पण लोक त्याचं ऐकायचे. मग देवळातल्या चांदीच्या समया गेल्या आणि त्याच्या दुकानात सापडल्या. उदय भाषणात हेच सांगतो, पणजोबांनी देवाचा चोर धरला म्हणून. अहो, सापडणारच — मेहुण्याला स्वच्छ लिहिलंय की, समया पाठवतो, रात्री कासाराच्या दुकानात भट्टीमागे ठेववून घे —

हे लिहून घेऊ नका.

सुभाना? तुरुंगातच मेला तो. घरच्यांना गाव सोडावं लागलं. कुमुदिनी म्हणते, त्यांचं कुणी असेल तर सांगून टाका. मी म्हणतो, शोधायचं कुठे? आणि सापडले तर उदयला काय तोंड दाखवायचं?

काय झालं? कप का ठेवलात खाली? — काय म्हणालात? तुमच्या आईचं माहेर?

कासार.

आई आहेत अजून? — चोराच्या घरातली म्हणायचे त्यांना? लग्नातसुद्धा?

नाही. नाही, बसा म्हणत नाही मी. पत्रांची पेटी बघायला मिळणार नाही, झेरॉक्स नाही, काही नाही. मी काय बोललो ते मी बोललो नाही. कुमुदिनी, दार उघड. हे निघालेत.