समोर मामा हाय

आमचं गाव वाटूरच्या अलीकडं, रोडला चिकटून. जन्म तिथलाच माझा, बाप शेतकरी, पण मला औत कव्हा आवडलंच न्हाई, बाप म्हणायचा शेषराव, तुझ्या पायात भिंगरी हाय, आन् खरंच व्हतं ते. जालना जिल्हा नवा झाला त्या टायमाला मी बशीर उस्तादकडं गाडी शिकलो, मंग पुढं काळी-पिवळी जीप घेतली, जालना-वाटूर, वाटूर-जालना, दिवसभर तेच.

स्पीडचं इचारता, तर काय सांगू तुम्हाला, यष्टी यायच्या आत फाट्यावरचं शीट उचलायचं, शीट म्हंजे पाशिंजर, न्हाईतर दुसरा उचलून नेतो, मंग हळू कसं चालणार? पाशिंजर बी तसलंच, हळू चाललं का मागून वरडायचं, शेषराव, बैलगाडी हाकून राह्यला का? आन् पळवली का तेच म्हणायचं, मेल्या, लेकरंबाळं हायेत आमाला. शाळेपाशी पाटी लावल्ती, ताशी वीस. कोन वाचतो? एक म्हातारी त्या पाटीला शेळी बांधायची, तेवढाच तिचा उपयोग.

आमी डायव्हर लोक भेत व्हतो फक्त मामाला. मामा म्हंजे पोलीस. तो बी कव्हातरीच यायचा, स्पीड मोजायचं काहीच नव्हतं त्याच्यापाशी, कागद बघायचा, शीटं किती कोंबली ते बघायचा, च्या पिऊन जायचा. तरी त्याचं भ्या व्हतं. म्हणून समोरून येणारा डायव्हर खिडकीतून हात काढायचा आन् पंजा खाली दाबायचा, म्हंजे समोर मामा हाय, हळू घे. वळख असो नसो, दुश्मन का असंना, हात करायचाच. पाटी कोनी मानत नव्हतं, कायदा कोनी मानत नव्हतं, पण हात बराबर मानायचे.

मंग माझी पोरगी शाळेत जायला लागली, शोभा. घर रोडच्या अलीकडं, शाळा पलीकडं. एक दिवस ट्रक तिच्या दप्तराला घासून गेला, दप्तर तिकडं, पोर इकडं. त्या दिवसापून माझ्या जिवाला घोरच लागला. मी स्वतः गावात गाडी हळू घेऊ लागलो, पाशिंजरच्या शिव्या खाल्ल्या, पण मी एकटा हळू चालून काय होतं? गावानं ब्रेकर मागितले, अर्जावर अर्ज, बांधकाम खात्याचे साहेब म्हणले मंजुरी लागती. मंग गावानंच मुरूम टाकून ब्रेकर केला, तर म्हणले बेकायदेशीर हाय, उखडा. अरे वा रे वा! बेफाम पळणारा बेकायदेशीर न्हाई, आन् आमचा मुरूम बेकायदेशीर!

मंग मला सुचलं. शाळा भरायच्या आन् सुटायच्या टायमाला मी जीप बाजूला लावायचो, गावाच्या अलीकडं रोडवर उभा राहायचो आन् येईल त्या गाडीला हात दाबायचो. मामा कुठला आलाय तिथं? पण काय सांगू, ट्रक काय, जीप काय, समद्या मांजरावानी गुपचूप! शोभा ऐटीत रोड ओलांडायची. मला इचारायची, आबा, कोन्ता मामा येतो हो रोज? तिची माय हसायची, म्हणायची, माझा भाऊ दिवाळीला येत न्हाई आन् तुमी त्याला रोज रोडवर उभा करता.

पण लोक काय येडे असतात? हळूहळू समद्यायला कळलं. फाट्यावरच्या हॉटेलात डायव्हर मंडळी चेष्टा करायची, काय शेषराव, कुठंय तुझा मामा, आमाला बी भेटव की. बशीर उस्ताद तेवढे हसले न्हाईत. म्हणले, बेटा, ये हाथ झूटा मत कर, हा खोटा पडला तर रोडवर इश्वास ठेवावा असं काही राहणार न्हाई. मी म्हणलो, उस्ताद, पोर हाय माझी.

त्या दिवशी शाळा सुटली, मी हात दाबून राह्यलो, आन् एक जीप आली. डायव्हर वळखीचा, हॉटेलात संगं बसणारा. त्यानं हात बघितला, हसला, आन् गाडी आणखीन पळवली. मी वरडलो, अरे थांब, थांब! शोभा रोडच्या मधात व्हती.

चौथीत व्हती हो माझी पोर. जागेवरच गेली.

तो डायव्हर माझ्या पायावर पडला, रडला, म्हणला, शेषराव भाऊ, तुझा हात दिसला म्हंजे मामा न्हाई, रस्ता मोकळा, असंच धरून चालतो आमी समदे. म्या त्याला शिवी बी दिली न्हाई. ताकदच नव्हती.

पोर गेल्यावर मंग ब्रेकर झाले. पुढं रोड नवा झाला, त्यात ते बी गेले, कोनी इचारलं न्हाई. आता पाट्या मोठ्या, गाड्या मोठ्या, चालू तेच. आमच्या घराचं रोडकडचं दार मी बुजवून टाकलं, मागून काढलं, तिच्या मायला रोड दिसाया नको म्हणून. पण आवाज तर येतोच ना. जोरात गाडी गेली का ती आजून चूल सोडून उठती. मी जीप चालवतोच, दुसरं काय येतं मला? आन् खरं सांगतो, ह्यात काही बदल होईल असं मला बिलकुल वाटत न्हाई.

तुमी निघा आता, आंधार पडायच्या आत. तुमच्या डायव्हरला मी काही सांगणार न्हाई, हळू जा म्हणायचं सोडलं म्या. सुखरूप पोचा, बाबा.