दुसरं इंजिन

काकू: तिथे नको बसू. ती ह्यांची खुर्ची आहे. तो स्टूल ओढून घे.

चष्मेवाला: हो, हो. चुकलं माझं, काकू.

काकू: चुकलं कसलं, माहीत नसतं माणसाला. दीड महिना झाला, मीसुद्धा नाही बसले त्यावर. खोली झाडते आणि दार ओढून घेते. आता सांग. फोनवर म्हणालास, कंपनीतून बोलतोय. मला वाटलं लिफ्टच्या कंपनीतून. म्हटलं, हे निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, गेले तेव्हा कुत्रं फिरकलं नाही, आता कशी आठवण झाली त्यांना!

चष्मेवाला: नाही, मी विमान कंपनीतून. म्हणजे आमच्या...

काकू: त्या खोट्या. कॉम्प्युटरवरच्या.

चष्मेवाला: हो, खोट्या. मी तिथे मुख्य वैमानिक आहे.

काकू: आणि खऱ्यात?

चष्मेवाला: चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासतो, काचा बसवून देतो.

काकू: अरे देवा! दुकानात बसून विमानं उडवतोस? उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार हा.

चष्मेवाला: काकाही हेच म्हणायचे. पण काकू, आम्ही ते अगदी मनापासून करतो. चौसष्ट वैमानिक आहेत आमच्याकडे. एक दाताचा डॉक्टर आहे, दोन मास्तर आहेत, एक बाई बँकेत आहेत. प्रत्येकाला नंबर असतो. वेळापत्रक असतं. तीन तासांचं उड्डाण असेल तर तीन तासच लागतात, पुढे ढकलता येत नाही. आणि विमान जिथे उतरवलं तिथेच उभं राहतं. पुढच्याला तिथूनच घ्यावं लागतं.

काकू: माहीत आहे. एकदा रात्रीचं ताट वाढून ठेवलं तर म्हणे, ‘विमान डोंगरापलीकडे राहिलंय, आणून लावतो आणि येतो.’ मी म्हटलं, तिथेच जेवा मग! आणि ह्या सगळ्याचा पगार काय, तर भोपळा.

चष्मेवाला: भोपळाच. सगळ्यांना सारखा.

काकू: तू हसतोस बरा. ह्यांचा नंबर काय होता?

चष्मेवाला: सत्तावीस. पण नंबराने कोणी बोलवायचं नाही. लिफ्टवाले काका म्हणायचो सगळे. विमान उतरताना ते दरवेळी म्हणायचे, ‘तळमजला आला, दार सांभाळा.’ नवीन पोरं त्यासाठी त्यांच्याबरोबर उडायची.

काकू: घरात तोंडातून चार शब्द निघायचे नाहीत. आणि तिथे विनोद.

चष्मेवाला: काकू, मी कशासाठी आलोय ते सांगू का?

काकू: सांग ना. तासभर स्टूलवर अवघडून बसायला तर आला नाहीस.

चष्मेवाला: त्या दिवशी काका चौदा नंबरचं विमान घेऊन निघाले होते. बेटावर जायचं होतं. आम्ही सातजण होतो, एकामागोमाग. कंपनीला पाच वर्षं झाली म्हणून सगळ्यांनी मिळून काढलेली फेरी. बाकीचे सहा उतरले. काकांचं विमान अजून हवेत आहे.

काकू: म्हणजे?

चष्मेवाला: आमचा एक छोटा प्रोग्राम आहे. कुठलं विमान कुठे आहे ते दर मिनिटाला लिहून ठेवतो. चार एकोणसाठला इथून येणारी खबर थांबली. उड्डाण पुरं झाल्याची नोंद नाही, पडल्याचीही नाही. म्हणून फलकावर त्यांच्या नावापुढे ‘हवेत’ असंच दिसतंय. त्रेचाळीस दिवस.

काकू: चार एकोणसाठला मी वायर उपटली.

चष्मेवाला: अंदाज होता मला.

काकू: काय करणार मग? आत आले तर हे असे, मान एका बाजूला. हात थंड. अर्ध्या कानावरून तो हेडफोन घसरलेला. आणि त्यातून कोणीतरी हसत होतं रे! अंगाची आग आग झाली माझ्या. माझा माणूस असा पडलाय आणि कोणीतरी खिदळतंय, ‘काका उठा, तळमजला आला.’ दिसेल ती वायर ओढली मी भिंतीतून. ते हसणं अजून कानात आहे. जन्मात नाही विसरणार मी.

चष्मेवाला: मीच होतो तो.

काकू: काय?

चष्मेवाला: हसत होतो तो मीच. आम्ही काय करतो, विमान वर गेलं की ऑटोपायलटवर टाकतो. ते आपलं आपण जात राहतं. मग कोणी चहाला जातं, कोणी भाजी निवडतं. काका उत्तर देईनात तेव्हा मला वाटलं, लागला डोळा. सगळे चिडवायला लागले. मी सगळ्यात जास्त.

काकू: आणि हे तू माझ्या घरात बसून मला सांगतोस.

चष्मेवाला: हो.

काकू: ऊठ. नाही, थांब. बस. पाणी पी.

चष्मेवाला: अजून एक आहे. ते सांगितल्यावर तुम्ही ऊठ म्हणालात तर उठतो.

काकू: आता आणखी काय राहिलंय?

चष्मेवाला: चार वाजून दहा मिनिटांनी काकांनी बोलायचं बटन दाबलं होतं. अकरा सेकंद. बोलले काहीच नाहीत. मला वाटलं, माइक बिघडला. मी म्हटलं, ‘काका, आवाज येत नाही, माइक बघा.’ आणि पुढच्या विमानाशी बोलायला लागलो. विमान हवेत असलं आणि कोणी गप्प बटन दाबून धरलं, तर काय करायचं ते आमच्या नियमात लिहिलंय. मीच लिहिलंय. तीनदा विचारायचं, मग घरी फोन करायचा. तुमचा नंबर होता माझ्याकडे. फोन नाही केला मी, काकू. मी एकदाच विचारलं.

काकू: चार दहाला.

चष्मेवाला: हो.

काकू: मी पलीकडच्याच खोलीत होते. मधे ही एवढीशी भिंत.

चष्मेवाला: माहीत आहे.

काकू: तुला काय माहीत आहे? काही माहीत नाही तुला. त्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीचा साठावा वाढदिवस होता. महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं ह्यांना, दोघांनी जायचं. दीड वाजता म्हणतात, ‘तू हो पुढे, माझी आज फेरी आहे.’ मग काय, मीही तोंडाचा पट्टा सोडला. जिभेला हाड नाही माझ्या. म्हटलं, ‘बसा मग त्या खोट्या विमानात, कायमचे बसा!’ कायमचे म्हटलं मी. बोलाफुलाला गाठ पडली बघ.

चष्मेवाला: काकू, असं रागात सगळेच बोलतात.

काकू: सगळ्यांचं खरं होतं का? आणि गेले नाहीच मी बहिणीकडे. एकटी कशी जाणार, लोक विचारणार. मशीनवर बसले. शाळेचे गणवेश शिवायचे होते, पण कापडाला हात नाही लावला. दोरासुद्धा ओवला नव्हता. नुसतीच पाय मारत होते, खडखड, खडखड. का, तर ह्यांना त्रास व्हावा म्हणून. दोन वाजल्यापासून पाच वाजत आले तोवर. चारचा चहाही नाही दिला. रोज चारला चहा घेऊन दार ढकलायचे मी. त्या एका दिवशी नाही ढकललं.

(तो खिशातून मोबाइल काढतो.)

काकू: मला एकच सांग. तुझ्याकडे सगळं मिनिटामिनिटाचं लिहिलेलं आहे ना? ह्यांनी मला हाक मारली होती का? रात्रंदिवस तेच येतं मनात. ह्यांनी हाक मारली आणि माझ्या त्या मेल्या मशीनमुळे मला ऐकू आली नाही.

चष्मेवाला: आमचं रेडिओवरचं सगळं बोलणं साठवलं जातं. ते अकरा सेकंद आहेत माझ्याकडे, मोबाइलमध्ये. तेच द्यायला आलो होतो. नको असेल तर पुसून टाकतो.

काकू: हाक आहे त्यात?

चष्मेवाला: नाही. शंभरदा ऐकलंय मी. हाक नाही. बटन सुटल्यानंतर मारली असेल तर ते मला कळायला मार्ग नाही.

काकू: आणि मी चारला दार ढकललं असतं तर? वाचले असते?

चष्मेवाला: मी खोटं नाही बोलणार, काकू. मला नाही माहीत. मी फक्त चष्मे करतो.

काकू: हं. निदान एक जण तरी धड बोलला. डॉक्टर, शेजारी, मुलगी, सगळे नुसते ‘वेळ आली होती, वेळ आली होती.’ लाव ते.

चष्मेवाला: नक्की?

काकू: लाव म्हणते ना.

(तो मोबाइल टेबलावर ठेवतो. अकरा सेकंद.)

काकू: हे माझं मशीन आहे.

चष्मेवाला: हो.

काकू: मागे श्वास आहे ह्यांचा. आणि बाकी सगळं माझं मशीन. अरे, हेच ऐकत गेले का रे ते? माझा राग ऐकत गेले?

चष्मेवाला: राग? काकू, तुम्हाला खरंच माहीत नाही?

काकू: काय?

चष्मेवाला: काका बोलायला लागले की मागे हा आवाज असायचाच. पाच वर्षं. नवीन माणूस आला की विचारायचा, ‘काका, कुठलं विमान आहे तुमचं, इंजिन असं का वाजतं?’ ते म्हणायचे, ‘ते दुसरं इंजिन आहे, पलीकडच्या खोलीत. ते चालू आहे तोवर घर ठीक आहे. ते बंद पडलं की मात्र मी घाबरतो.’

काकू: थापा मारतोस.

चष्मेवाला: चौसष्टांपैकी कोणालाही विचारा. आणि तो हेडफोन घसरलेला नव्हता. ते नेहमी एकच कान झाकायचे. मी किती भांडलो, दोन्ही कान लावा, सूचना नीट ऐकू येत नाहीत तुम्हाला. तर म्हणायचे, ‘एक कान घराला लागतो.’

काकू: म्हणजे मी इतकी वर्षं दाराबाहेरून जे काही बोलत होते...

चष्मेवाला: सगळं ऐकू यायचं त्यांना. थोडं थोडं आम्हालाही.

काकू: जळो मेलं! आणि मी समजत होते, भिंतीशी बोलतेय. एकदा उत्तर नाही दिलं रे ह्या माणसाने. एकदा तरी म्हणायचं, ऐकतोय म्हणून.

चष्मेवाला: रडा, काकू. मी आहे बसलेला.

काकू: तू आधी डोळे पूस. चष्मेवाल्याचाच चष्मा भिजला. मला सांग, आता ह्यांच्या त्या विमानाचं काय करायचं?

चष्मेवाला: त्यासाठी तुमची परवानगी हवी होती. उड्डाण मला बंद करावं लागेल. चौदा नंबर अडकून पडलंय, दुसऱ्या कोणाला देता येत नाही. सगळे म्हणतात, करून टाक. माझं बोट पुढे जात नाही.

काकू: बंद केलं की काय होतं?

चष्मेवाला: विमान समुद्रात पडलं असं धरतात. उड्डाण रद्द. नावापुढे तांबडी रेघ येते.

काकू: चाळीस वर्षं लिफ्ट सांभाळल्या ह्यांनी. माणसं अडकली की मध्यान्ह असो, मध्यरात्र असो, धावत जायचे. एकाला खरचटू दिलं नाही. आणि आता मेल्यावर तांबडी रेघ? नाही. उतरव ते.

चष्मेवाला: कोण, मी?

काकू: नाही तर काय मी? उतरवता येतं की नाही?

चष्मेवाला: येतं तसं. थांबलं होतं तिथून पुढे सुरू करता येतं. सव्वीस मिनिटं राहिली होती. पण दुसऱ्याच्या नंबरावर उडायचं नाही, हा आमचा सगळ्यात कडक नियम आहे. त्या दाताच्या डॉक्टरला मी तीन महिने बाहेर बसवलं होतं, भावाच्या नंबरावर उडाला म्हणून.

काकू: नियम कोणी केला?

चष्मेवाला: मी.

काकू: आणि तो तीनदा विचारायचा नियम?

चष्मेवाला: तोही मीच.

काकू: तो मोडलास. आता हा मोड. बस त्या खुर्चीवर.

चष्मेवाला: त्यांच्या?

काकू: बस म्हणते ना. वायर मी लावते, मीच उपटली होती. लागला का दिवा? हां. आणि हेडफोन असा नाही. एक कान मोकळा ठेव.

चष्मेवाला: ठेवला. येतंय काकू, चित्र येतंय. बघा, खाली समुद्र. हे चौदा नंबर. उतरायला लागू?

काकू: सव्वीस मिनिटं म्हणालास ना? मी पलीकडे जाते.

चष्मेवाला: दार ओढून घेताय?

काकू: नाही, आज उघडंच राहू दे.

चष्मेवाला: मग सुरू करतो.

काकू: थांब जरा. आधी दोरा ओवू दे.