पाणथळीत एक घंटा

सून : बाबा, डावीकडे म्हटलं होतं मी! इकडे झेंडा होता लाल.

सासरे : झेंडाबिंडा मला सांगू नकोस. एकतीस वर्षं या पाणथळीच्या काठानं बस नेलीये मी. सगळी वळणं तोंडपाठ आहेत.

सून : काठानं नेलीत ना? पाण्यातून नव्हे. आणि डेपोत अजून सांगतात, तुम्ही रस्ता चुकलात तर प्रवाशांनाच म्हणायचात, तुमचंच गाव हललंय.

सासरे : कंडक्टर झालीस म्हणून सासऱ्याचंच तिकीट फाडतेस होय! पुढे बसलीयेस ना, मग वल्हं मार. वळवायचं काम मागच्याचं. ही तिसरी फेरी, अजून दोन राहिल्या. अख्ख्या डेपोनं आपल्या होडीमागे दर फेरीला देणगी कबूल केलीये. नाक कापलं जायला नको.

सून : होतील हो पाचही. त्या पैशांतून पाणथळीचा बांध दुरुस्त व्हायलाच हवा. गेल्या वर्षी पक्ष्यांची पिल्लं मोठी व्हायच्या आत पाणी वाहून गेलं. बघवत नव्हतं.

सासरे : यंदा नाही जायचं. पुढच्या महिन्यात शाळेची मुलं येणार हे सगळं बघायला, आणि त्यांची गाडी कोण चालवणार? मी! पाणथळीच्या समितीनं एकमतानं नाव घातलंय माझं. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा स्टिअरिंग हातात येतंय. शर्ट इस्त्री करून ठेवलाय.

सून : तीनदा केलीत इस्त्री. आता कॉलर जळायची तेवढी राहिलीये.

सासरे : थांब, हा बघ कचरा. लव्हाळ्यात अडकलाय. पिशवी उघड, वल्ह्यानं उचलतो. लोक काय वाट्टेल ते टाकतात पाण्यात, मेले.

सून : कुठाय?

सासरे : हा काय, तुझ्या बाजूलाच. कुजक्या गवताचा ढीग. आलाच बघ वल्ह्यात...

(सून आपल्या वल्ह्यानं होडीच्या काठावर एकदाच ठोकते. सासऱ्यांचं वल्हं जागच्या जागी थांबतं.)

सासरे : एक घंटा का दिलीस? पाय ब्रेक शोधायला लागला ना माझा!

सून : वल्हं मागे घ्या. हळू. तो कचरा नाही बाबा, घरटं आहे. टिबुकलीचं.

सासरे : काहीतरीच काय! टिबुकलीचं घरटं मला कळत नाही? लग्न होऊन आलीस तेव्हा मीच दाखवलं होतं तुला. पाण्यावर तरंगतं, लव्हाळ्याला अडकवलेलं असतं, आणि उठून जाताना ती अंड्यांवर ओलं गवत पसरून...

सून : तेच तर. पसरलंय गवत. आणि ती तिकडे डोकं वर काढून आपल्याकडेच बघतेय. दिसतेय का?

सासरे : दिसतेय की.

सून : कुठल्या बाजूला?

सासरे : उजव्या.

सून : डाव्या. झेंडाही दिसला नव्हता ना मघाशी?

सासरे : ऊन येतंय डोळ्यांवर.

सून : ऊन तुमच्या पाठीवर आहे. कधीपासून चाललंय हे?

सासरे : आठ महिने झाले. मोतीबिंदू म्हणाला डॉक्टर, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनची चिठ्ठी दिली, ती बुटाच्या खोक्यात ठेवलीये मी.

सून : आणि या डोळ्यांनी तुम्ही मुलांची गाडी नेणार होतात?

सासरे : रस्ता पाठ आहे गं मला.

सून : रस्ता पाठ असतो, त्याच्यात मधेच येणारं माणूस पाठ नसतं! आत्ता अंड्यांत वल्हं घालत होतात तुम्ही. तिथे एखादं मूल असतं तर?

सासरे : ओरडू नकोस, बुडी मारून जाईल ती.

सून : ओरडत नाहीये. रडू येतंय मला.

सासरे : मी भ्यालो, पोरी. खरं सांगतो. माणूस म्हणे टेबलावर जागा असतो. आणि बिघडलं काही तर? आत्ता निदान धूसर का होईना, सगळं जागच्या जागी आहे. शिवाय तुझ्या नवऱ्याला कळलं, की तो म्हणणार, बाबा, बसा आता. त्यानं एकदा बसा म्हटलं, की खुर्चीसुद्धा आणून ठेवतो.

सून : ती खुर्ची बाहेर काढायला मी आहे ना घरात.

रखवालदार : (काठावरून) कोण आहे लव्हाळ्यात? ही वाट बंद आहे हो! सकाळीच झेंडा लावलाय मी.

सून : आम्ही आहोत दादा, डेपोची होडी. जरा चुकलो.

रखवालदार : ड्रायव्हरकाका, तुम्ही? तुम्ही कसे चुकलात?

सून : ते काय झालं, मीच जरा...

सासरे : तू गप्प बस. मला झेंडा दिसला नाही, भाऊ. डोळ्यांत मोतीबिंदू आहे माझ्या. घरटं कचरा समजून उचलायला निघालो होतो. हिनं थांबवलं म्हणून अंडी वाचली.

रखवालदार : ही फेरी धरता यायची नाही काका. झेंडा ओलांडला की फेरी बाद, हा नियम मीच केलाय, काय करू.

सासरे : धरूच नकोस. आणि समितीला सांग, मुलांच्या गाडीला दुसरा माणूस बघा म्हणावं.

रखवालदार : सांगतो. पण सध्यापुरताच बघतो. बांध टिकला तर पक्षी दरवर्षी येतील, मुलंही येतील. एका ड्रायव्हरनं भागतंय थोडंच! आता अलगद मागे घ्या होडी. लाट उठू देऊ नका.

सासरे : सूनबाई, मला नाही दिसत मागचं. तू सांग.

सून : सांगते. येऊ द्या, येऊ द्या. शेपटी थोडी डावीकडे. अजून. आता सरळ. बस्स, आलो बाहेर.

सासरे : आणि ती? आली का परत?

सून : आली. चोचीनं गवत बाजूला करतेय. चार अंडी... नाही, पाच आहेत. बसली बघा.

सासरे : बसली ना? छान. चल मग, अजून तीन फेऱ्या मारायच्यात. तू बोलत राहा, मी वळवतो.

सून : डावीकडे घ्या. वाट मोकळी आहे.

सासरे : दोन्ही डोळे एकदमच करतात का गं ते?

सून : नाही हो. एक बरा झाला की मग दुसरा.

सासरे : मग आधी उजवा करायला सांग. आरसा त्या बाजूला असतो.