साखळीवाल्याला तोंड नसतं

नाही, बंडी मी काढीन, स्वतःच्या हाताने काढीन, ह्या टेबलावर नीट घडी घालून ठेवीन, पण माझं बोलून झाल्यावर! बर्निसबाई, घड्याळाकडे बघू नका. तुम्ही क्रीडामंडळाच्या अध्यक्ष, मान्य, पण बावीस वर्षं ही नारिंगी बंडी घालून फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला काठी धरून कोण उभं राहिलं? लिओ गॉद्रो! दहा यार्डांची साखळी, दोन टोकांना दोन काठ्या, चार प्रयत्नांत तेवढं अंतर कापलं तर पुढे चला, नाहीतर चेंडू द्या समोरच्यांना... मोजायचं आणि गप्प राहायचं. आपल्यांनी गुण केला, टाळी नाही. त्यांनी आपल्याला तुडवलं, शिवी नाही. पहिल्याच दिवशी पंचाने बजावलं होतं, "गॉद्रो, ही बंडी घातलीस की तू कुठल्या गावाचा नाहीस. साखळीवाल्याला तोंड नसतं." बावीस वर्षं नव्हतं! आणि एकदा, अहो एकदाच उघडलं, तर तुम्ही शाळेच्या जेवणघरात सभा भरवलीत, वर डोनटसुद्धा आणलेत! डफी, हसू नकोस, मिशीला साखर लागलीय तुझ्या.

आणि साखळी उभी कुठे राहते? पाहुण्यांच्या बाजूला! म्हणजे तुम्ही समस्त थॅचर फॉल्सकर पलीकडे, मांडीवर घोंगड्या, हातात गरम कॉफी, आणि मी इकडे पुलापलीकडच्या सँडविकवाल्यांच्या तोंडासमोर, एकटा! थँक्सगिव्हिंगची सकाळ, नदीवरून तो वारा, आणि मागून हे सुरू... "काय गॉद्रो, तुमचा क्वार्टरबॅक कुठाय? अगंबाई, तो होय? आम्हाला वाटलं पाणी द्यायला आलाय!" "त्याला हेल्मेट घातलंय का हेल्मेटमध्ये त्याला घातलंय?" तुम्हाला सांगतो, एकेका वाक्याला माझ्याकडे तीन तीन उत्तरं तयार होती, असली झणझणीत की त्यांच्या बाकड्यांचा रंग उडाला असता! पण नाही. साखळीवाल्याला तोंड नसतं.

आज मात्र आहे. आज बोलणार! कारण महिनाभर तुमचं पण तेच चाललंय, ह्या दोन क्वार्टरबॅकांची, चेंडू फेकणाऱ्या दोन पोरांची तुलना. सँडविकचा मातेउस असा, सँडविकचा मातेउस तसा... आहे की! सव्वासहा फूट उंच आहे, चेंडू असा फेकतो की पकडणाऱ्याला नुसते हात पुढे करायचे बाकी राहतात, कॉलेजांची माणसं त्याला बघायला गाड्या काढून येतात, आणि हेल्मेट काढलं की केस असे झटकतो की आपल्याच पोरी आपल्या बाकड्यांवरून किंचाळतात. आणि आपला ऑग्गी प्लूर्ड? सोळा वर्षांचा. मोठ्या पोराचं गळ्याजवळचं हाड मोडलं म्हणून ह्याला उभं केलं. सदऱ्याच्या बाह्या कोपराखाली. चेंडू फेकला की चेंडूला भोवळ येते. कबूल! सगळं कबूल! पण मी दोघांनाही एका हातावरून बघतो, बर्निसबाई, तुम्ही बघता शंभर यार्डांवरून, घोंगडीतून. मातेउस पडला की आधी पंचाकडे बघतो, कोणाला शिक्षा करताय की नाही म्हणून. ऑग्गी पडला की आधी ज्याने पाडलं त्याला हात देऊन उठवतो. लहान शाळा आपली, माणसं पुरत नाहीत, म्हणून चेंडू आपल्याकडे असतो तेव्हा तोच फेकतो आणि त्यांच्याकडे गेला की अडवायलाही तोच धावतो. मातेउस तेव्हा काय करतो? बाकड्यावर बसून संत्र्याच्या फोडी खातो! मग कोण मोठा? सांगा ना! मी सांगतो. आपला!

"मग लिओ, असं होतं तर ओरडलास कोणासाठी?" हां. आलात मुद्द्यावर.

माझी बायको लूर्देस सँडविकची, हे काही मी लपवलेलं नाही. चर्चमध्ये तुमच्यासमोर लग्न लावलंय. तिच्या बहिणीचा, फिलोमेनाचा, नातू म्हणजे हा मातेउस. हा चालायला लागला, माझं बोट धरून. सायकल शिकला, कोणाकडून? त्याच्या बापाला वेळ नव्हता, मासेमारीच्या बोटीवर बाप. मी शिकवली, चर्चमागच्या पार्किंगमध्ये. आणि ह्या पोराची खोड अशी की दोन पायडल मारली की मान मागे! मी सीट धरलीय की सोडलीय ते बघायला. मागे बघायचा आणि धाडकन् पडायचा. गुडघे सोलले, कोपरं सोलली. मी बोंबलतोय, "मागे बघू नकोस, मातेउस! धरलंय मी, धाव!" धरलेलं कुठे असायचं! कधीच सोडलेलं असायचं. पण आवाज मागून आला की चालवायचा पोरगा.

आता गुरुवारचं बघा. आठ वर्षांत पहिल्यांदा आपण पुढे. तीन गुणांनी! कोणामुळे? ऑग्गीमुळे! तिसऱ्या सत्रात त्याने मातेउसला असा आडवा घेतला, कमरेत धरून, की दोघेही माझ्या पायाशी येऊन आदळले, माझी काठी हलली. मातेउस उठला, मान चोळली, ऑग्गीने हात दिला, त्याने घेतला नाही. मी बघितलं. आतून इतका फुललो म्हणून सांगू, बंडीची बटणं तुटायची बाकी होती! पण चेहरा? दगड. साखळीवाल्याला तोंड नसतं.

मग शेवटचं मिनिट. चेंडू त्यांचा. शेवटचा प्रयत्न. आता हा फुकट गेला तर संपलं, आठ वर्षांनी आपण त्या पुलावरून हॉर्न वाजवत जाणार! मातेउसने मागे पाय घेतले, फेकायला माणूस शोधतोय, माणूस मिळेना, आपल्या पोरांनी सगळे झाकलेले... आणि तो सुटला की हो! चेंडू काखेत मारून कडेने, थेट माझ्या बाजूने, माझ्या नाकासमोरून! पुढे कोणी नाही. मागे एकटा ऑग्गी. त्या लांब बाह्या, ते खडखडणारं हेल्मेट, पण कमी करतोय, अंतर कमी करतोय! तुम्ही सगळे उभे, घोंगड्या खाली, "ऑग्गी! ऑग्गी!" आणि मला समोर काय दिसतंय? मातेउसचे खांदे. ते खांदे वळायला लागले की पुढे काय होतं ते मला पार्किंगपासून ठाऊक आहे. आता हा मागे बघणार. बघितलं की वेग तुटणार. वेग तुटला की पडणार...

आणि आवाज आला. "मागे बघू नकोस, मातेउस! धाव!"

तुम्हाला शपथेवर सांगतो, मी वळून बघितलं, कोण गाढव ओरडलं म्हणून! मागे सँडविकचे सगळे माझ्याकडे बघतायत. एक म्हातारी क्रॉसची खूण करतेय छातीवर. मग कळलं, गाढव मीच. बावीस वर्षांनी तोंड उघडलं आणि आतून हे निघालं! आणि तो धावला, मागे न बघता, रेघेपलीकडे, सहा गुण, सामना त्यांचा! ऑग्गीचा हात त्याच्या टाचेला लागून घसरला. ऑग्गी तोंडावर, गवतात. आणि शंभर यार्डांवरून, बर्निसबाई, इतकी वर्षं ज्यांना माझं नाव नीट उच्चारता आलं नाही त्यांनी एका सुरात ते घेतलं. पुढे-मागे काय काय लावून घेतलंत, ते इथे नको, भिंतीवर मुलांची चित्रं आहेत.

पंचाने नुसतं बघितलं माझ्याकडे. मी साखळी गोळा करायला वाकलो. तेवढ्यात कोण आलं? प्रशिक्षक? मंडळ? ऑग्गी प्लूर्ड आला! तोंडात माती, डोळे लाल. म्हणाला, "तो मागे बघणारच होता, मिस्टर गॉद्रो. दर वेळी बघतो. मी त्या क्षणावरच टपून होतो." बस, एवढंच. मी म्हटलं, मार बाळा, हाण मला, तुझा हक्क आहे. तर त्याने साखळी उचलली, स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि माझ्याबरोबर सामानाच्या खोलीपर्यंत चालत आला. सामना हरलेलं पोर! साखळी जड असते हो, आजवर कोणी विचारलं नाही, पण असते. आता करा तुलना! करा ना! लाज वाटली मला, तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो, खूप लाज वाटली.

आणि तिथून मला कुठे जायचं होतं? पुलापलीकडे, फिलोमेनाकडे, जेवायला! दारातच लूर्देस, "कोट काढ, पाय पूस, आणि आज तरी तोंड बंद ठेव." टेबलावर टर्की, टर्कीच्या पोटात शोरीसो, ते त्यांचं तिखट सॉसेज, घातलेलं, गोड पाव, आणि समोर तो. केस झटकत. सगळं सँडविक माझ्या पाठीवर थाप मारतंय, "लिओ, शेवटी आमचाच निघालास!" मी काटा खाली ठेवला. म्हटलं, निदान ह्याला तरी विचारावं. "मातेउस, ऐकलंस ना मी ओरडलो ते?"

"काय?"

"अरे, मागे बघू नकोस म्हणून ओरडलो ना!"

"हेल्मेटमध्ये काय ऐकू येतंय आजोबा? शोरीसो सरकवा इकडे."

"मग मागे का बघितलं नाहीस?"

"वळेचना मान! तिसऱ्या सत्रात तुमच्या त्या बुटक्याने पाडलं ना, तेव्हापासून आखडलीय. अजून वळत नाहीये, बघा." आणि टर्कीकडे बघायला अख्खा पोरगा खुर्चीसकट वळला!

कळलं का, मंडळी? माझ्यामुळे नाही हरलो! तो ऑग्गीमुळेच... थांबा. थांबा! डफी, तोंड मीट. इथून बाहेर पडल्यावर हे कोणी बोललं ना, तर माझ्याशी गाठ आहे. त्या पोराने आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ केला तिसऱ्या सत्रात, आणि त्याला जाऊन सांगणार, बाळा, तोच आपल्याला भोवला म्हणून? नाही! सामना लिओ गॉद्रोने घालवला. असंच म्हणायचं, दुकानात म्हणायचं, चर्चमध्ये म्हणायचं, माझ्या तोंडावर म्हणायचं. बघतो कोण वेगळं बोलतं ते! आजपासून तुम्हालाही तोंड नाही!

झालं माझं. ही घ्या बंडी. घडी घातलीय. कोण घेतंय? डफी? हो, गुडघा, विसरलोच. बर्निसबाई, तुमचे हे? अच्छा, सर्दी. अरे, नोव्हेंबरचा वारा, पाहुण्यांची बाजू, दोन तास तोंड बंद, एवढंच तर आहे! मगाशी काढून घ्यायला सगळे हात वर होते, आता काय झालं?

खरं सांगू? चार दिवस मी मनातल्या मनात खूश होतो. म्हटलं, गेली बंडी तर गेली. पुढच्या वर्षी मातेउस कॉलेजात, ऑग्गी एका वर्षाने मोठा, बाह्या पुरतील त्याला... मीही तुमच्यात येऊन बसेन, मांडीवर घोंगडी, हातात कॉफी, आणि त्या पोरासाठी ओरडेन, असा ओरडेन की फिलोमेनाच्या स्वयंपाकघरात ऐकू जाईल. बावीस वर्षांचं साठलंय हो...

कोणीच नाही?

बरं. आणा ती इकडे. आणि बर्निसबाई, पुढच्या वर्षी ऑग्गीने गुण केला ना, तर माझ्या वाटचं जरा तुम्हीच ओरडा.