वाकडं तोंड

जुनी गाडी नावावर करून घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते.

“सांगितलं होतं तसं तोंड वाकडं करून उभी राहिलीस, म्हणून तर तो भावात खाली आला.”

“हो का?”

“मग! बाई नाखूश दिसली की विकणारा ढिला पडतो. त्याची बायकोही खिडकीत तुझ्याशेजारी तसंच तोंड करून उभी होती. गाडी द्यायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं.”

“तिलाही नवऱ्याने तसंच पढवून ठेवलं होतं. चहा टाकताना तिनेच मला विचारलं, ‘तुम्हालाही सांगितलंय का?’”

“मग?”

“त्यांचा शेवटचा आकडा तिला ठाऊक होता, तुमचा मला. आम्ही मधला काढला आणि चहा गाळला.”

“मधला म्हणजे?”

“तुम्ही दोघं तासभर टायरला लाथा मारून ज्याच्यावर आलात, तोच.”

“अगं, मग बाहेर येऊन सांगायचं ना!”

“इतके रंगात आला होतात दोघं, मनच होईना.”

“आणि खिडकीतली ती वाकडी तोंडं?”

“हसू दाबत होतो हो आम्ही.”